लैंगिकतेबद्दल एकाच घरातल्या तीन पिढ्यांची मते इतकी वेगळी का?

अश्विनी_सातारा
माझ्या सासूबाई पंचाहत्तरी ओलांडलेल्या आहेत, मी सत्तेचाळीस वर्षांची आणि मुलगी बारावीत आहे. पाळीच्या चार दिवसांत सासूबाई बाजूला बसत असत, माझ्या वेळी त्यांनी फक्त देवघराचे बंधन ठेवले, आणि आज मुलगी आजोबांच्या देखत बाबांना सॅनिटरी पॅड आणायला सांगते. मात्र तिचा एक वर्गमित्र समलिंगी आहे असे तिने जेवताना सहज सांगितले, तेव्हा सगळ्यांचे हात ताटातच थांबले, आणि सर्वांत अस्वस्थ झाले ते माझे यजमान, सासूबाई नव्हेत. पिढीगणिक मते मोकळी होत जातात असे आपण धरून चालतो, ते कितपत खरे आहे?

जुना_वाचक
महाराष्ट्राच्या इतिहासात तरी तसा सरळ क्रम दिसत नाही. र. धों. कर्वे यांचा जन्म 1882 चा. त्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्या कार्यापायी विल्सन महाविद्यालयातली गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली, तरी जुलै 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक पदरमोड करून चालवले. कामसुखावर स्त्रीचाही पुरुषाइतकाच हक्क आहे, हे ते त्या काळात उघडपणे छापत होते. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा 1934 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला हरला, दंडही झाला, पण मासिक बंद पडले नाही. संसाराचा आर्थिक भार त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी मोठ्या प्रमाणावर उचलला, ही गोष्ट मात्र फार कमी लोक आठवणीने सांगतात.

आता याच्या पुढे 2007 साल ठेवून पाहा. शाळांतल्या लैंगिक शिक्षणाच्या साहित्यावर विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्य सरकारने ते मागे घेतले. विरोध करणारे बहुतेक जण कर्व्यांच्या नातवंडांच्या वयाचे होते. आपण ज्याला जुने संस्कार म्हणतो, त्यातला बराच भाग इंग्रजी अमदानीतल्या मध्यमवर्गाने घडवला, असे माझे मत आहे. त्याआधीच्या शाहिरांच्या शृंगारिक लावण्या वाचल्या, तर हा संकोच फार प्राचीन वाटत नाही.

निवृत्त_शिक्षिका
मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत असे. प्रजननाचा धडा आला की 'घरी वाचून या' असे सांगून पुढे सरकायची पद्धत होती. मी वर्गात पुठ्ठ्याचे एक खोके ठेवत असे आणि मुलांनी नाव न लिहिता प्रश्नाची चिठ्ठी त्यात टाकावी असे सांगत असे. सुरुवातीच्या वर्षांत 'मिठी मारल्याने दिवस जातात का?', 'वीर्य गेल्याने अशक्तपणा येतो का?' असे प्रश्न निघत. मोबाइल घरोघरी पोहोचल्यावर चिठ्ठ्या बदलल्या. 'तो माझा तसला फोटो मागतो, नाही म्हटले तर बोलणे बंद करील, मी काय करू?' ही चिठ्ठी मी अजून विसरू शकलेले नाही, कारण लिहिणाऱ्या मुलीने पेन इतके दाबून लिहिले होते की कागद मागून उमटला होता. अशक्तपणाचा प्रश्न मात्र माझ्या निवृत्तीपर्यंत दर वर्षी येत राहिला. म्हणजे पडद्यावर सर्व काही पाहिलेल्या मुलालाही आपल्या शरीराविषयी तीच भीती वाटत होती, जी त्याच्या आजोबांना वाटली असेल, आणि ती दूर करायला घरात कोणी बसत नव्हते.

अश्विनी_सातारा
माझ्या यजमानांचे म्हणणे असे आहे की, त्यांचा समलिंगी लोकांना विरोध नाही, पण हा विषय घरात नको. यावर काय बोलावे ते मला सुचत नाही.

विदर्भकर
मी स्वतः समलिंगी आहे, म्हणून लिहितो. 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये काढून घेतला आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी घटनापीठाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे 377 वे कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्दबातल ठरवले. ती सगळी वर्षे माझ्या घरात हा विषय 'नको' असाच होता. अखेर मी सांगितले तेव्हा आजीने विचारले, "तुझ्या सोबतीला कोणी आहे ना? म्हातारपणी एकटा राहू नकोस." वडील मात्र पुष्कळ दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलत होते. आजीला लोकांना तोंड द्यायचे नव्हते. वडिलांना कचेरीत, सोयरिकीत, बहिणीच्या लग्नात द्यायचे होते. मधल्या पिढीच्या विरोधात ही धास्ती मोठी असते असा माझा अनुभव आहे. तेव्हा मुलीसमोर यजमानांशी वाद घालू नका. दोघेच असताना, नेमके कोण काय म्हणेल असे त्यांना वाटते, ते नावानिशी विचारा. माझ्या वडिलांच्या यादीत शेवटी दोनच नातेवाईक उरले होते. आणि मुलीला एवढे अवश्य सांगा की, तिच्या मित्राची गोष्ट त्याला विचारल्याशिवाय तिने आणखी कोणाला सांगू नये.