रॅपच्या म्हाताऱ्यांचे उशिराचे अल्बम: अजून कुठले राहिलेत?

रात्रपाळी_सोलापूर:
अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करतो. मागांच्या खडखडाटात कानात रॅपच टिकतं. २०१९ ला गँग स्टारचा ‘वन ऑफ द बेस्ट येट’ दोन गाण्यांत बंद केला होता. त्यांचा रॅपर गुरू २०१० लाच गेला, मग हे उरलंसुरलं कशाला? परवा लाईट गेली, माग थांबले, आणि नेमका तोच लागला. त्या शांततेत जोडीतला दुसरा, डीजे प्रीमियर, त्याचे स्क्रॅच (रेकॉर्ड घासून काढलेले आवाज) ऐकले, डब्यातली कडक भाकरी तशीच हातात राहिली. असे अजून सांगा.

सातरस्ता:
उरलंसुरलं काय बे! गुरूच्या न वापरलेल्या रेकॉर्डिंगभोवती प्रीमियरनं बीट विणलेत. तुला तर कळायला पाहिजे, विणकाम तुझंच. आता ट्राइब कॉल्ड क्वेस्टचा २०१६ चा ऐक. आधीचा १९९८ चा! त्यांचा रॅपर फाइफ त्याच वर्षी मार्चमध्ये गेला, अल्बम नोव्हेंबरात आला.

चादरवाला:
एलएल कूल जेचा ‘द फोर्स’, २०२४. बीट क्यू-टिपचे, तोच ट्राइबवाला. नाव बघून मीही हसलो होतो.

रात्रपाळी_सोलापूर:
क्यू-टिप दोन्हीकडं? मग आज रात्री ट्राइबच. लाईट गेली तर बरं.