मदत हवी आहे: पिल्लांचं वजन घटलं, दोष रसायनाचा की आईच्या कमी खाण्याचा?

नाशिकला एम.फार्म. करतेय. आजूबाजूला द्राक्षबागा, म्हणून बुरशीनाशक निवडलं: कार्बेन्डाझिम. गाभण विस्टार (प्रयोगशाळेतली जात) उंदरांना 6व्या ते 19व्या दिवसापर्यंत तोंडावाटे दिलं, 20व्या दिवशी सिझेरियन. वरच्या डोसला पिल्लांचं वजन कमी भरलं. घोळ असा, की त्या माद्यांनी खाणंही कमी केलं होतं.

सुटं पिल्लू न धरता वेताची सरासरी घेतली, वेतातली संख्याही हिशोबात धरली, फरक टिकतोच. मादीच्या वजनातून गर्भाशयाचं वजन वजा केलंय. तेवढंच कमी खाणं दिलेला कंट्रोल गट ठेवला नाही (चूक माझीच), आणि नवे प्राणी आता मिळणार नाहीत. सांगाड्याची तपासणी बाकी आहे.

मादीची वजनवाढ कोव्हेरिएट (विश्लेषणात सोबत हिशोबात धरायचा घटक) म्हणून घ्यावी, की त्याने रसायनाचा खरा परिणामच झाकला जाईल? आणि सांगाड्यात नेमकं काय दिसलं तर थेट गर्भावरचा परिणाम म्हणता येईल?