शिवी, शिवराळ, अर्वाच्य: मुलं बसलेल्या फुटबॉलच्या गर्दीसाठी नेमका शब्द कोणता?

मुलांच्या एका फुटबॉल स्पर्धेसाठी प्रेक्षकांचं सूचनापत्र मराठीत लिहायचं काम माझ्याकडे आलंय. इंग्रजी मसुद्यात एक साधं वाक्य आहे: मुलांसमोर 'फाउल लँग्वेज' वापरू नये. तिथेच मी दोन दिवस अडकून पडले आहे. 'फाउल' मैदानावर आधीच कामाला लागलेला शब्द. पाय घातला की फाउल, ढकललं की फाउल. तो भाषेला लावला तर मुलांना वाटेल, आता पंच शिट्टी वाजवतील. मग अपशब्द, अर्वाच्य, असभ्य, अश्लील, शिवराळ असे पाच शब्द कागदावर मांडले. एकही पुरता बसत नाही.

एवढा कीस का पाडतेय ते सांगते. मागच्या मोसमात भाच्याला मोठ्यांचा सामना दाखवायला नेलं होतं. आठ वर्षांचा आहे. उत्तरार्धात पाहुण्या संघाचा गोलकीपर गोलकिक घ्यायला मागे सरकला की आमच्या मागच्या रांगांतून एक लांब 'ओ' सुरू व्हायचा. तो चढत जायचा आणि बूट चेंडूला लागला की त्याच क्षणी शेकडो गळ्यांतून त्या गोलकीपरच्या आईवरून एक शब्द. तिसऱ्या वेळी भाचाही 'ओ' ओढायला लागला. चौथ्या वेळी त्याने शब्दसुद्धा म्हटला, दोन्ही हात वर करून, आणि 'जमलं ना?' अशा चेहऱ्याने माझ्याकडे वळून बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना फेसाळलेल्या तोंडाने पुन्हा तेच. मी त्याला थांबवलं तर म्हणाला, "पण मावशी, ते तर गाणं आहे."

तो 'गाणं' म्हणाला आणि माझे पाचही शब्द लंगडे पडले.

आपल्याकडे शिवी देतात, घालतात, हासडतात. राग एकाएकी उसळला तर हासडतात. एकामागून एक सुटल्या तर शिव्यांची लाखोली वाहतात. ज्याला मिळतात तो त्या खातो. शिवी सणसणीत असते, कचकचीत असते, इरसाल असते. हाच 'सणसणीत' आपण चेंडूला बसलेल्या फटक्यालाही लावतो, इतकं शिवीतलं कसब आपल्याला दिसतं. पण या सगळ्या क्रियापदांत एक चिडलेला माणूस आहे आणि समोर दुसरा आहे. भाचा चिडलेला नव्हता, खुशीत होता. त्याच्या मागचे शेकडो लोकही खुशीतच होते. शिवी 'हासडली' म्हणावं तर तसं काही घडलंच नव्हतं.

मुलांच्या बाजूने मात्र मराठीत फार नेमका वाक्प्रचार आहे, 'कानावर पडणे'. ऐकणं आपण करतो, कानावर पडणं आपल्या हातात नसतं. आणि कानावर पडलेलं तोंडात बसतं. त्या गोलकिकच्या वेळी जे होतं त्याला काय म्हणावं?

प्रतिसाद:

ताई, सगळ्यात आधी 'अपशब्द' काढून टाका. आज तो शिवीसाठी सभ्य आडपडदा म्हणून चालतो, पण मुळात अपशब्द म्हणजे बिघडलेला, व्याकरणाने चुकलेला शब्द. पतंजलीच्या महाभाष्यात असुरांची गोष्ट आहे. शत्रूंना उद्देशून 'हे अरयः' म्हणायचं तर ते 'हेलयः' म्हणाले आणि हरले. तिथे शत्रूला ललकारण्यात दोष नाही, उच्चार चुकण्यात दोष आहे. तुमचं दुखणं नेमकं याच्या उलट आहे: भाच्याचा उच्चार अचूक होता.

'अर्वाच्य' हे मूळचं 'अवाच्य', तोंडातून काढू नये असं. मधला र मराठीत नंतर घुसला. अर्वाचीनशी त्याचा काही संबंध नाही, पुष्कळजण तो उगाच जोडतात. शब्द भारदस्त आहे, पण पालकांच्या पत्रकात जड होईल आणि मुलांना तर कळणारच नाही.

'अश्लील' मात्र इतक्या लवकर सोडू नका. आज आपण तो फक्त देहाशी जोडतो. साहित्यशास्त्रात अश्लीलतेचे तीन प्रकार मानले आहेत, मम्मटाच्या काव्यप्रकाशात ते आहेत: व्रीडा म्हणजे लाज आणणारं, जुगुप्सा म्हणजे किळस आणणारं आणि अमंगल सुचवणारं. फुटबॉलच्या गर्दीत तिन्ही सापडतात. पहिल्या दोहोंची उदाहरणं द्यायला नकोत. तिसरा प्रकार मला सगळ्यात भयंकर वाटतो. ६ फेब्रुवारी १९५८ ला म्युनिकला मँचेस्टर युनायटेडचा संघ घेऊन निघालेलं विमान कोसळलं, २३ जण गेले. १५ एप्रिल १९८९ ला हिल्सबरोच्या मैदानात लिव्हरपूलच्या प्रेक्षकांची चेंगराचेंगरी झाली, ९७ जण गेले. या मृत्यूंवरून समोरच्या प्रेक्षकांना चिडवणारी गाणी कित्येक वर्षं गायली गेली. त्यांत एकही घाणेरडा शब्द लागत नाही. २०२३ ला इंग्लंडमधल्या एफए कप स्पर्धेच्या अंतिम सामन्याला एक माणूस पाठीवर ९७ हा आकडा आणि 'पुरेसे नाहीत' अशा अर्थाचे शब्द असलेला शर्ट घालून आला. न्यायालयाने त्याला चार वर्षं सामन्यांना जायला बंदी केली. आकडा आणि दोन साधे शब्द. यात 'शिवी' कुठली, असं एखाद्या मुलाने विचारलं तर दाखवता येणार नाही. 'अमंगळ बोलणं' म्हटलं तर मात्र त्याला कळेल.

प्रतिसाद:

मी दहा-बारा वर्षांच्या मुलांना खेळ शिकवतो. वरच्या सरांचं म्हणणं मला रोज मैदानाच्या रेषेजवळ ऐकू येतं. पालकांपैकी आईमाईवरून बोलणारा एखादाच. बाकीचे "डोळे फुटले का रे?", "बसव त्याला बाहेर, काही कामाचा नाही", "पाड त्याला!" असं बोलतात. 'शिवराळ' म्हटलं की हे सगळे बिनधास्त, कारण ते शिवी देतच नाहीत. यासाठी मराठीत 'घालूनपाडून बोलणं' आहे, 'पाणउतारा करणं' आहे, 'टोचून बोलणं' आहे. तुमच्या पत्रकात यांतलं काहीतरी आलंच पाहिजे.

एका सामन्यात पंच म्हणून सोळा वर्षांचा मुलगा होता. इंग्लंडमध्ये तर चौदाव्या वर्षापासून पंच होता येतं, म्हणजे मुलांच्या सामन्यात शिट्टी मुलाच्याच हातात असू शकते. एका ऑफसाइडवरून रेषेबाहेरचे चार-पाच मोठे लोक त्याच्यावर तुटून पडले. पुढे समोर उघड फाउल झाला तेव्हा त्याने शिट्टी ओठांना लावली, डोळ्याच्या कोपऱ्यातून रेषेकडे बघितलं आणि शिट्टी खाली घेतली. वाजवलीच नाही. त्या चौघा-पाचांपैकी कुणीही घाण शब्द उच्चारला नव्हता.

खेळाच्या बाराव्या नियमात लाल कार्डासाठी भाषेला तीन विशेषणं लावली आहेत: मन दुखावणारी, अपमान करणारी आणि शिवराळ. शिवराळ हे तिघांतलं एक आहे. पण तो नियम खेळाडूंसाठी आणि संघाच्या बाकावरच्यांसाठी, प्रेक्षकांना तो लागू नाही. इंग्लंडमध्ये २००८ पासून 'रिस्पेक्ट' मोहिमेत मुलांच्या सामन्यांना पालकांसाठी रेषेपासून मागे वेगळी दोरी लावायला लागले, ती याचसाठी. काही ठिकाणी मूक सामने होतात, टाळ्या वाजवायच्या, बोलायचं नाही. आम्ही एकदा तसा करून बघितला. मुलं एकमेकांना नावाने हाका मारून पास मागत होती. एरवी त्यांचे आवाज मला ऐकूच येत नाहीत.

प्रतिसाद:

मला हे पटत नाही. स्टेडियम म्हणजे शाळेचा वर्ग नव्हे. आठवडाभर दबून राहिलेली माणसं तिथे मोकळी होतात. 'शिमगा करणं' हा शब्द आपल्याकडे आहेच, त्यात शिवीला मुभा गृहीत धरलेली आहे. मुलांसाठी वेगळा स्टँड ठेवा, बाकीच्यांना त्यांचा शिमगा करू द्या. आणि मुलं शाळेच्या बसमध्ये याहून जास्त शिकतात.

मूळ लेखिका:

दादा, 'शिमगा' हा शब्द तुम्ही चांगला आणलात, पण त्याच्यामागे म्हणही येते: शिमगा गेला तरी कवित्व राहतं. आमच्याकडे ते दात घासताना राहिलं.

बसमध्ये शिकतात हे खरं. फक्त बसमधली शिवी मूल हळू आवाजात शिकतं, आजूबाजूला बघत. आपण काहीतरी चोरून करतोय हे त्याला माहीत असतं, मोठ्यांसमोर ती बोलायची नाही हेही माहीत असतं. स्टेडियममध्ये मोठी माणसंच ती बोलतात, सगळी मिळून, तालात, आणि मुलाच्या पाठीवर थाप मारतात. दोन्हीकडे शब्द तोच असेल, शिकवण एक नाही.

वेगळ्या स्टँडबद्दलही सांगते. तुर्कस्तानात २०११ साली फेनरबाचे या क्लबच्या प्रेक्षकांनी धुडगूस घातला म्हणून रिकाम्या मैदानात खेळण्याची शिक्षा झाली. नंतर ठरलं की पुरुषांना प्रवेश नाही, पण स्त्रिया आणि १२ वर्षांखालची मुलं येऊ शकतात, फुकट. २० सप्टेंबरला मनिसास्पोरविरुद्ध ४१ हजारांहून जास्त स्त्रिया आणि मुलं आली. पाहुण्या संघाचं टाळ्यांनी स्वागत झालं. हे वाचल्यावर वाटतं, झालं, प्रश्न सुटला.

पण दहा वर्षांनी, ३० सप्टेंबर २०२१ ला, प्रागमध्ये स्पार्टा क्लबच्या मैदानावर असंच झालं. आधीच्या सामन्यातल्या वर्णद्वेषी प्रकारामुळे मैदान बंद होतं, म्हणून स्कॉटलंडच्या रेंजर्सविरुद्धच्या सामन्याला सुमारे १० हजार शाळकरी मुलांना बसवलं. रेंजर्सचा कृष्णवर्णीय खेळाडू ग्लेन कमारा याच्याकडे चेंडू गेला की मुलं हुर्यो उडवायची. प्रत्येक वेळी. नंतर यावर दोन्ही देशांत बरीच वादावादी झाली. मला त्या मुलांना दोष द्यायचा नाही. मला त्या 'हुर्यो' शब्दापाशी थांबायचंय. हुर्यो म्हणजे नुसता आवाज, त्याला कोशातला अर्थ काही नाही, तो कुणावर रोखलाय एवढंच त्यात असतं. ते रोखणं मुलं कुठून तरी शिकून आली होती आणि त्या दिवशी मोठ्यांची नेहमीची गर्दी मैदानात नव्हतीच.

प्रतिसाद:

चढत जाणारा लांब स्वर आणि गोलकिकला शब्द, हा प्रकार २०१४ च्या विश्वचषकात मेक्सिकोच्या प्रेक्षकांमुळे जगभर माहीत झाला. त्यांचा चार अक्षरी स्पॅनिश शब्द. मूळ अर्थ देह विकणारा पुरुष, वापर समलिंगी पुरुषांना हिणवायला. प्रेक्षक म्हणत राहिले की आमच्या बोलण्यात त्याचा अर्थ फक्त 'भित्रा' आहे. फिफाने मेक्सिकोच्या संघटनेला वेळोवेळी दंड केला, रिकाम्या मैदानात खेळायची शिक्षाही दिली. अर्थ कुणी ठरवायचा, म्हणणाऱ्याने की ज्याच्यावर रोखलाय त्याने? मला वाटतं ज्याच्यावर रोखलाय त्याने.

तुमच्या 'गाणं' या शब्दाचं उत्तर कायद्यात शोधा. इंग्लंडच्या १९९१ च्या फुटबॉल गुन्ह्यांच्या कायद्यात असभ्य किंवा वर्णद्वेषी 'चँटिंग' हा गुन्हा आहे. त्याची व्याख्या अशी की शब्द किंवा आवाज पुन्हा पुन्हा, इतरांच्या सुरात सूर मिळवून काढणं. मग पंचाईत झाली: एकटाच ओरडला तर? १९९९ मध्ये दुरुस्ती करून 'एकट्याने किंवा इतरांसोबत' असं केलं. पुन्हा पुन्हा म्हणणं हा गाभा राहिला. मराठीत याला घोष म्हणतात. जयघोष, नामघोष. म्हणून माझी सूचना: शिवराळ घोष.

मूळ लेखिका:

'घोष' पटला. आधी कानाला विचित्र वाटला, कारण आपला घोष नेहमी चांगल्याचा. पण भाच्यालाही ते चांगलंच वाटलं होतं, तेव्हा हाच शब्द खरा. पत्रकात मात्र सगळ्यांना कळावं म्हणून 'घोषणा' ठेवते.

काल त्याला अखेर अर्थ सांगितला. सगळा नाही. एवढंच म्हटलं की तो शब्द त्या गोलकीपरच्या आईला घाणेरडं म्हणण्यासाठी होता. तो थोडा वेळ गप्प बसला. मग विचारलं, "ती पण मॅच बघायला आली होती का?" मला माहीत नव्हतं, तसंच सांगितलं.

पत्रकातलं वाक्य आता असं केलंय: "मुलांच्या कानावर सगळं पडतं. खेळाडू, पंच किंवा समोरचे प्रेक्षक यांच्याविषयी शिवराळ किंवा अमंगळ बोलू नका, कुणाला घालूनपाडून बोलू नका आणि तशा घोषणांत सूर मिळवू नका." शेवटचा तुकडा मुद्दाम ठेवलाय. बहुतेकजण घोषणा सुरू करत नाहीत, पुढे चालवतात.

एक जागा अजून मोकळी आहे. पहिला 'ओ' काढणाऱ्याला काय म्हणू? 'म्होरक्या' लिहिलंय, पण तो टोळीचा वाटतो आणि इथे बहुधा कुणाचा तरी बाबा असतो. दुसरा शब्द सुचत असेल तर सांगा, पत्रक गुरुवारी छपाईला जाणार आहे.