झऱ्यावरच्या दूध ठेवायच्या खोलीला काय म्हणावं?

रानपाखरू: पेनसिल्व्हेनियातल्या शेतावरच्या बालपणाच्या आठवणी मराठीत आणते आहे. त्यात 'स्प्रिंगहाउस' पानोपानी येतं. जिवंत झऱ्यावर बांधलेली बुटकी दगडी खोली, जाड भिंती, हवेपुरती खिडकी. आतल्या चरातून झऱ्याचं पाणी वाहतं आणि दुधा-सायीची मातीची भांडी त्यात गळ्यापर्यंत बुडवून ठेवतात. तिथलं भूजल बारा महिने १०-१२ अंश सेल्सिअसच्या आसपास, त्यामुळे जुलैतही लोणी घट्ट. 'शीतगृह' संपादकांना नको, वाचकाला बटाट्याचं कोल्ड स्टोरेज दिसेल म्हणतात. 'झराघर' कसं वाटतं?

जुनी वही: ओढूनताणून केलेला समास आहे. 'दुभतेघर' घ्या. वाड्यांतून दुभत्याची खोली असायचीच.

तळकोकण: आणि झरा कुठे गेला? पाणी हाच त्या खोलीचा जीव. आमच्याकडे डोंगरातलं पाणी पोफळीच्या पन्हळीने परसातल्या दोणीत पडायचं. आजी ताकाचा तांब्या वर फडकं बांधून त्या दोणीत ठेवायची, दुपारी जेवताना काढायची. चराला तरी 'दोण'च म्हणा.

घाटमाथा: झऱ्यावर बांधकाम आपल्याला नवं नाही, पण ते देवासाठी. महाबळेश्वरला पंचगंगेचं देऊळ आहेच. म्हणून 'झराघर' म्हटलं की मला घंटा ऐकू येते, ताक दिसत नाही.

कामचलाऊ: स्प्रिंगहाउसच ठेवा. फ्रिजला कोणी मराठी शब्द शोधत बसलं का?

जुनी वही: फ्रिज आधी घरात आला, मग तोंडात बसला. ही खोली आपल्या कोणाच्या परसात येणार आहे? 'स्प्रिंग' म्हटलं की मराठी माणसाला गादीतली स्प्रिंग आठवते.

रानपाखरू: माझी अडचण फ्रिजपाशीच आहे. १९३६चा ग्रामीण विद्युतीकरण कायदा होतो, पुढे शेतावर वीज येते, फ्रिज येतो आणि ती खोली ओस पडते. तिथे 'स्प्रिंगहाउस जाऊन फ्रिज आला' लिहिलं, तर एक इंग्रजी वस्तू जाऊन दुसरी आली एवढंच वाटेल. घरचं काही गेलं हे जाणवायला शब्द घरचाच हवा.

माळरान: मुळात 'झरा' तरी बरोबर आहे का? झरा कड्यावरून झरतो. जमिनीतून वर येतो तो 'उपळ'. माढ्याजवळच्या उपळाईचं नाव त्यावरूनच पडलं असणार.

जुनी वही: 'उत्पल'वरून का नाही? उत्पल, उप्पल, उपळ. गावात कमळांचं तळं असेल.

माळरान: माढ्यात कमळं? तिकडचं ऊन पाहिलंय का कधी!

रानपाखरू: मंडळी, त्या मुलीला आई भर दुपारी ताक आणायला कुठे पाठवते, तेवढं सांगा.

तळकोकण: 'दोणीवर'. आमच्याकडे तेवढ्याने भागायचं.

कामचलाऊ: देशावर दोणीत गुरं पाणी पितात. त्यात कोण ताक ठेवेल?

घाटमाथा: उपळावरून आठवलं, आमच्याकडे अशा जमिनीला उपळट म्हणतात. भाद्रपदात पाय घोट्यापर्यंत रुततो आणि पीक पिवळं पडतं. तुमच्याकडे काय म्हणतात?