फुप्फुसांत द्रव सोडून श्वास देण्याचा उपचार रुग्णासाठी मागावा का?

अंत्रुजवासी :
माझे काका फोंड्याजवळ भातशेती करतात. या पावसाळ्यात त्यांना लेप्टोस्पायरोसिस झाला आणि फुप्फुसांना तीव्र इजा होऊन ते सध्या इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर आहेत. डॉक्टर याला एआरडीएस म्हणतात. भरपूर ऑक्सिजन देऊनही रक्तातील त्याचे प्रमाण पुरेसे वाढत नाही. परफ्लुओरोकार्बन नावाच्या द्रवात पूर्ण बुडवलेले उंदीर श्वास घेत जिवंत राहिले, असे वाचनात आले. हे खरे असेल, तर हा उपाय इस्पितळांत का दिसत नाही, आणि आम्ही तो मागावा का?

बांबोळीचा माजी विद्यार्थी :
काकांना लवकर उतार पडो. मी अतिदक्षता विभागातच काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. उंदरांचा प्रयोग खरा आहे. क्लार्क आणि गोलन यांनी तो 1966 साली प्रसिद्ध केला. या द्रवाच्या 100 मिलिलिटरमध्ये साधारण 50 मिलिलिटर ऑक्सिजन विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड त्याच्या कितीतरी पट. शिवाय तो पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड असल्यामुळे, उताण्या झोपलेल्या रुग्णाच्या पाठीकडील मिटलेल्या वायुकोशांपर्यंत उतरतो आणि त्यांना उघडून धरतो. शरीरात त्याचे विघटन होत नाही, बहुतांश द्रव वाफ होऊन उच्छ्वासातून निघून जातो. फुप्फुसे पूर्ण भरण्याऐवजी ती अंशतः भरून नेहमीच्याच व्हेंटिलेटरने श्वास देण्याची सोपी रीत 1990 च्या दशकात पुढे आली, तेव्हा आमच्या क्षेत्रात मोठी आशा निर्माण झाली होती.

ती आशा माणसांवरील चाचणीत टिकली नाही. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या, एआरडीएसच्या 311 प्रौढ रुग्णांवरील चाचणीत 28 दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण नेहमीच्या व्हेंटिलेटरवर 15 टक्के, कमी द्रव दिलेल्या गटात 26 टक्के आणि जास्त द्रव दिलेल्या गटात 19 टक्के होते. फुप्फुसाबाहेर हवा साठणे, रक्तदाब कोसळणे आणि ऑक्सिजन अचानक घटणे हे प्रकारही द्रव दिलेल्यांमध्ये अधिक आढळले. म्हणून हा उपचार मागू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

बार्देशकर :
पण ऑक्सिजन वाढला तर रुग्ण वाचण्याची शक्यता वाढायला नको का? आमच्यासारख्या नातेवाइकांना मॉनिटरवरचा तो एकच आकडा कळतो.

बांबोळीचा माजी विद्यार्थी :
हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. 2000 साली अमेरिकेतील 861 रुग्णांच्या चाचणीत, उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनाच्या दर किलोमागे 12 ऐवजी 6 मिलिलिटरचे लहान श्वास दिले गेले. सुरुवातीच्या दिवसांत लहान श्वासांच्या गटाचा ऑक्सिजन उलट कमीच होता, तरीही मृत्यू सुमारे 40 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर आले, कारण आधीच इजा झालेली फुप्फुसे प्रत्येक श्वासाला अधिक ताणली जात नव्हती. तेव्हा आकडा सुधारला म्हणजे फुप्फुस सावरले, असे गृहीत धरता येत नाही. द्रवाच्या बाबतीतही बहुधा हेच घडले असावे, असे माझे मत आहे.

मुरगावची परिचारिका :
नवजात शिशूंचा उल्लेख राहिला. 1996 साली अगदी अपुऱ्या दिवसांच्या, इतर उपचारांना दाद न देणाऱ्या मोजक्या बाळांवर हा द्रव वापरून पाहिला गेला आणि त्यांची फुप्फुसे अधिक सहज फुगू लागल्याचे दिसले. तरी तो तेथेही नित्याचा उपचार झाला नाही.

अंत्रुजवासी, काकांच्या डॉक्टरांशी पालथे झोपवण्याविषयी मात्र अवश्य बोलावे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्स-स्पेनमधील चाचणीत, गंभीर एआरडीएसच्या रुग्णांना एका वेळी किमान 16 तास पालथे ठेवल्यावर 28 दिवसांतील मृत्यू 33 वरून 16 टक्क्यांवर आले. यासाठी नवे औषध लागत नाही. पण नळी न निसटू देता रुग्णाला वळवणारी सराव असलेली माणसे लागतात, आणि काहींच्या बाबतीत, उदाहरणार्थ कण्याला अस्थिर इजा असल्यास, ते करता येत नाही. काकांना पालथे ठेवले जात आहे का, नसल्यास कोणत्या कारणाने, आणि श्वासाचे माप त्यांच्या उंचीनुसार ठरवले आहे का, एवढे नम्रपणे विचारावे. लेप्टोमध्ये मूत्रपिंडांवरही परिणाम होतो, त्यामुळे लघवीचे प्रमाण आणि डायलिसिसची गरज हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.