उत्तर: एक प्रयोग पुरेसा आहे का?
'एकदा नीट चिठ्ठ्या टाकून (म्हणजे कोणाला कोणता उपाय हे नशिबावर सोडून) प्रयोग केला आणि निष्कर्ष आला की लगेच धोरण बदला, अजून किती वर्षं अभ्यासच करत बसायचं?' असं एकाने म्हटलंय, तो मुद्दा अर्धाच पटला. अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात १९८१-८२ मध्ये नेमका असाच प्रयोग झाला होता. घरगुती मारहाणीच्या किरकोळ प्रकरणांत पोलिसांकडे तीन रंगांच्या फॉर्मांचं पॅड असायचं. चिठ्ठी काढल्यासारखं, वरच्या पानाचा रंग सांगेल तसं वागायचं: अटक, समजावणी किंवा मारणाऱ्याला आठ तासांसाठी घराबाहेर काढणं. (आता गंमत बघा, रंग आधीच दिसत असेल तर नको ते प्रकरण प्रयोगातून वगळणं कितीसं अवघड?) पोलीस नोंदींनुसार सहा महिन्यांत पुन्हा मारहाणीचं प्रमाण अटकेनंतर साधारण १० टक्के, समजावणीनंतर १९, बाहेर काढल्यावर २४. मग काय, अमेरिकेत ठिकठिकाणी अटकेचं धोरण आलं.

पुढे ओमाहा, शार्लट, मिलवॉकी वगैरे शहरांत तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा चित्र फिसकटलं. मिलवॉकीत तर बेरोजगार आरोपींच्या बाबतीत अटकेनंतर हिंसा वाढलेली दिसली. नोकरी असलेल्याला अटकेची लाज आणि धास्ती वाटते, ज्याच्याकडे गमावण्यासारखं काही नाही तो घरी येऊन राग काढतो, असा त्याचा एक अर्थ लावला गेला. आणि हे मांडणाऱ्यांत पहिला प्रयोग करणारे लॉरेन्स शर्मन स्वतःच होते.