पसारा आवरायला तुम्ही सुरुवात कुठून केलीत?

अबोली
आज दुपारी खिडकीखालून बोहारणीची "भांडीयेऽऽ" ऐकू आली आणि डोंबिवलीचा तो मे महिना आठवला. बिल्डिंग पुनर्विकासाला गेली होती, जागा सोडायला दीड महिना. आई जाऊन सात महिने झालेले. पस्तीस वर्षांचा संसार, दोन खोल्या, तीन माळे. पहिले तीन शनिवार मी नुसती जाऊन बसले. कपाट उघडायचं, आईची इरकल हातात घ्यायची, रडायचं, कपाट लावून घरी यायचं.

चौथ्या शनिवारी मावशी आली. तिने कपाटाकडे बघितलंही नाही. ओट्याखालचा ड्रॉवर ओढून सरळ फरशीवर पालथा केला. झारे, तीन किसण्या, कुकरच्या कडक झालेल्या चार रिंगा, श्रीखंडाच्या डब्यांची नुसती झाकणं. म्हणाली, "यातलं काही बघून रडू येतंय का तुला?" नाही आलं. "मग इथून." वीस मिनिटांत ड्रॉवर झाला आणि त्या घरात मी सात महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर जेवले.

साड्या सगळ्यात शेवटी काढल्या. तोवर हात सरावला होता.

तुमचं लिहा ना. माझी मैत्रीण सध्या सासऱ्यांच्या घरात अशीच बसून आहे, तिला वाचायला देणार आहे.

कोयरी
कुकरच्या रिंगा!! आमच्याकडे सहा. आत्ता टाकून आले. बाकीचं रात्री लिहिते, लेकाला क्लासला सोडायचंय.

वऱ्हाडी
माळा एकदम उतरवू नका. आम्ही उतरवला. हॉल भरला, रात्री गाद्या घालायला जागा नाही, मग सगळं होतं तसं परत वर. आता एका वेळी एकच खोकं, आणि ते संपल्याशिवाय दुसरं नाही. खाली धरायला माणूस हवाच. बाबा स्टुलावरून पडले, मनगट मोडलं, ऐन दिवाळीत प्लास्टर. स्टूल नको, शिडी आणा.

मीठभाकर
तांदळाच्या डब्याच्या तळाशी रुमालात पाचशेच्या चार नोटा. 2016 च्या नोव्हेंबरात बंद झालेल्या त्या. आजीने अडीअडचणीला म्हणून ठेवलेल्या. तिला सांगायचा धीर झाला नाही, माझ्याकडच्या पाचशेच्या चार चालू नोटा तशाच रुमालात बांधून ठेवल्या. जुन्यांचं काय करू?

वऱ्हाडी
राहू द्या आठवण म्हणून. 2017 च्या कायद्याप्रमाणे दहापर्यंत जवळ ठेवायला हरकत नाही. बदलून मात्र मिळणार नाहीत.

पारिजात
मीठभाकर, डोळ्यात पाणी आणलंत.

सायंकाळ
कळकळीने सांगते, रद्दी देण्याआधी कागद वेगळे करा. मी घाईत सासूबाईंच्या खोलीतले गठ्ठे उचलून दिले, त्यात सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट गेलं. मग पोलिसांत तक्रार, इंडेम्निटी बॉण्ड, कमिटीच्या सभा, पाच महिने हेच. आता एक जुनी उशीची खोळ दाराला टांगलीय. कागद दिसला की न वाचता खोळीत. वाचायला बसलं की दिवस गेला. रविवारी चहा घेऊन एकदाच चाळते.

पारिजात
खोळीची कल्पना घेतली ताई!
मी पितळेच्या भांड्यांपाशी अडकलेय. दोन पातेली, एक घंगाळं. भंगारवाला वजनावर मागतोय, मन होत नाही. ठाण्यात कल्हईवाला आहे का कुणी?

कोयरी
देऊ नकोस गं! वरण-भातासाठी पितळेसारखं पातेलं नाही. पण कल्हई उडाली असेल तर आमटी, ताक, आंबट काही करू नकोस त्यात. आमच्या गल्लीत महिन्यातून एकदा येतो एक चाचा. नवसागर टाकला की भसकन धूर, मग कथील लावून कापसाच्या बोळ्याने फिरवतो, पातेलं आतून चांदीसारखं. लेक अभ्यास सोडून बघत बसतो.

दूरदेशी
न्यू जर्सीहून लिहितोय. नाशिकचं घर तीन आठवड्यांच्या सुट्टीत आवरायचं होतं. मी आणि बहीण दोघांनी आधी ठरवलं, की प्रत्येकाने एकच पेटी भरायची, त्यात काय ते दुसऱ्याने विचारायचं नाही. भांडण झालं नाही. माझ्या पेटीत बाबांचा दाढीचा आरसा आहे, कडेला पारा उडालेला. रोज त्यात बघून दाढी करतो.

मीठभाकर
आईच्या सुती साड्यांच्या गोधड्या शिवून घ्या. आम्ही तीन भावंडांना तीन शिवल्या.

अबोली
मीही दोन शिवून घेतल्या. उरलेले कपडे धुऊन गूंज या संस्थेला दिले. सुती कापडाचे ते पाळीसाठी पॅड बनवतात, त्यामुळे जुनेर सुतीही उपयोगी पडतं. आईला आवडलं असतं, तिनेही आयुष्यभर कापडच वापरलं.

सायंकाळ
जुन्या औषधांचं काय करता? बूट ठेवायच्या खोक्याएवढी निघालीत.

वऱ्हाडी
तारीख उलटलेली आधी बाजूला काढा. अख्खी पाकिटं कचऱ्यात टाकू नका, कुणी उचलून वापरतं. पाऱ्याचा थर्मामीटर सापडला तर जपून, फुटू देऊ नका.

अबोली
मैत्रिणीचा फोटो आला आत्ता. स्वयंपाकघरात फरशीवर ड्रॉवर पालथा! तिच्याकडे किसण्या पाच निघाल्या.

कोयरी
पारिजात, चाचा रविवारी दहाला येतोय. घंगाळंही आण, त्याला नुसती चिंच लावून घासू. सायंकाळ, तूही ये, तुझी पातेली राहिलीत ना मागच्या वेळी?

सायंकाळ
येते. दोन आहेत, आणि एक परात.